मुडशिंगीच्या घराचं हक्कसोड

गंगावेस, कोल्हापूर
१२ मे १९७४

ती. मीनाअक्कास,

विठाचा नमस्कार. आठ वर्सांनी पत्र आलं म्हणून चष्मा पुसून बघू नको, माझंच हाय. सातवी पास हाय मी. अक्षर तुझ्यासारखं मोत्याचं न्हाय, पर वाचता येतंय. आणि आमच्या कोल्हापुरात बायकाबी ‘मी गेलो, मी आलो’ म्हणत्यात, साताऱ्याला मास्तरीण झालीस म्हणून ते इसरली नसशील. लाल शाई लावू नको.

कामाचं बोलतो. आमच्या घरमालकाला गोठ्याच्या जागेवर दुकानं काढायची हाईत. खोलीत ऱ्हावा म्हणतोय, पर म्हशी दिवाळीच्या आत हलवा. माझ्या चार म्हशी. सकाळ-संध्याकाळ गंगावेशीत गिऱ्हाइकाच्या म्होरं धार काढून ताजं दूध देतो, त्यावर घर चालतंय. आमच्या ह्यांच्या पायावर गुळाची ढेप पडली तवापासनं ते बसूनच हाईत. आता चार म्हशी मी बांधू कुठं? डोक्यावर?

तवा मामाच्या घराची आठवण झाली. केरबामामा जाऊन आठ वर्सं होत आली, मुडशिंगीचं घर कुलपात पडलंय. मागं गोठा, परड्यात हीर, आणि काय पायजे? मी तलाठ्याकडं गेलतो, ग्रामपंचायतीत गेलतो, मामलेदार कचेरीत दोन डाव जाऊन आलो. उतारा अजून मामाच्याच नावावर हाय! तलाठी म्हणाला, बाई, मयताला बायको न्हाय, पोरं न्हाईत, बहिणी दोघीबी त्याच्या आदी गेल्या. तवा वारस म्हंजे बहिणींच्या पोरी. म्हंजे थोरलीची तू आणि धाकटीची मी. तू हक्क सोडलास की घर माझ्या नावावर होतंय.

हक्कसोडाचा मजकूर वकिलाकडनं लिवून घेतलाय, तो संगट धाडलाय. हक्क सोडणाऱ्या बहिणीला चोळी-बांगडी करायची रीत हाय, म्हणून एक इरकली लुगडंबी धाडलंय. काठ बघून घे, हलकं न्हाय.

तुला कशाला पायजे ते घर? मामानं तुला काय कमी दिलं? एकाच घरात वाढलो की आपण दोघी. तुझ्या हातात पाटी दिली लिवायची, माझ्या डोक्यावर पाटी दिली शेणाची. तुला कोल्हापुरात बोर्डिंगात ठेवलं आणि दर ऐतवारी लोण्याचा गोळा घिऊन चालत यायचा तुझ्याकडं. मी बारा वर्सं त्याच्या म्हशी पिळल्या. एक दिस म्हणाला न्हाय, विठे, दमलीस काय गं. तोंड उघडून सांगतो अक्का, तुझा हेवा वाटायचा मला, अजून वाटतोय. आता हे एक तरी मला घिऊ दे.

तुझी,
विठा


सातारा
२ जून १९७४

चि. विठास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पार्सल, दोन्ही मिळालं. लाल शाई लावली नाही. लावायची झाली असती तर शुद्धलेखनाला लावली नसती, मजकुराला लावली असती.

तुझ्या घरची अडचण वाचून वाईट वाटलं. हक्क सोडायला माझी ना नाही. पण लुगडं पाहून मला काय वाटलं ते कसं लिहू? चोळी-बांगडी भाऊ बहिणीला करतो. तू माझा भाऊ कधीपासून झालीस? लुगड्याची घडी मी मोडलेली नाही.

घाई मात्र करू नकोस. आठ वर्षं बंद असलेलं घर आहे. वासे कुजले असतील, विंचूकाटा असेल. पावसाळा जाऊ दे, मग बघू. तू एकटी तिकडे जाऊ नकोस, आणि गेलीसच तर शेजारपाजाऱ्यांच्या तोंडी लागू नकोस. गावातल्या लोकांना दुसरं काम नसतं.

लोण्याचं लिहितेस. ते लोणी माझ्या हातात देऊन मामा दर रविवारी बोलायचा ते कोणाबद्दल, ठाऊक आहे? विठीनं मारकी म्हैस कशी वळवली, विठीची भाकरी कशी फुगते. बोर्डिंगच्या पायरीवर बसून मी ते सगळं ऐकत असे. सुट्टीत घरी आले की तो मला पाट मांडायचा, पाहुणीला मांडतात तसा. तू मात्र चुलीपाशी त्याच्या शेजारी भुईवर बसून जेवायचीस. त्या पाटावर बसून मला घास गिळवत नसे. तेव्हा हेव्याचं तू मला शिकवू नकोस.

ह्यांचा तुम्हा दोघांना नमस्कार.

मीनाक्षी


गंगावेस, कोल्हापूर
२१ जून १९७४

अक्का,

जाऊ नको म्हणालीस म्हणून मी गेलतो.

वासे कुजल्यात म्हणे! विंचूकाटा म्हणे! अगं, मी बांधावरनं बघितलं आणि जागच्या जागी हुबा ऱ्हायलो. कौलं चाळल्यात. ह्याच वैशाखात चाळल्यात, फुटकी काढून नवी घातल्यात. भितीला पांढरी माती, उंबऱ्याफुडं सडा. दाराला मामाचंच ते जुनं पितळी कुलूप, पर गंज न्हाय, बोट लावलं तर तेल लागलं. आठ वर्सं कुणी न फिरकलेल्या घराच्या कुलपाला तेल कुणी घातलं? भुतानं?

मला येडी समजू नको. वारस दोघीच. म्या घातलं न्हाय, म्हंजे तू घातलंस. म्हणून तुला सही जड जात्या, म्हणून पावसाळा जाऊ दे. गुपचूप येत असशील सुट्टीला, घर नीट ठेवत असशील, आणि हिकडं मला सांगत्यास पडकं झालंय. म्हातारपणी पेन्शनीत ऱ्हायाला येणार व्हय? ये की! पर माझ्या म्हशी त्याच गोठ्यात बांधलेल्या दिसतील तुला.

लहानपणी तुझ्या पेटीला तू कुलूप लावायचीस आणि किल्ली गळ्यात घालून झोपायचीस. सवय गेली न्हाय तुझी.

येत्या पंधरवड्यात पहार घिऊन जातो आणि कुलूप काढतो. तू काय करतीस ते कर.

विठा


सातारा
२९ जून १९७४

विठा,

अंबाबाईची शपथ घेऊन लिहिते, मामा गेल्यापासून मी मुडशिंगीला पाऊल टाकलेलं नाही. कौलं मी चाळलेली नाहीत. कोणी चाळली ते मला विचारू नकोस आणि तिथेही कोणाला विचारत बसू नकोस.

कुलूप तोडू नकोस. हवं तर तुझ्या पाया पडते. दिवाळीच्या आधी मी येऊन सही करते, तोवर थांब. किल्ली माझ्याकडे नाही. त्या दिवशी गडबडीत ती घ्यायची राहून गेली.

मीनाक्षी


गंगावेस, कोल्हापूर
१८ जुलै १९७४

अक्का,

घ्यायची राहून गेली म्हणालीस. कुणाकडनं घ्यायची, ते लिवलं न्हाईस.

मी पहार घिऊन गेलतो. पयला घाव घालणार, तवर मागनं आवाज आला, “पावणं, कुलूप मोडू नगा. किल्ली हाय.” मागं वळून बघतो तर बायडाबाई. वळखलीस? मागच्या आळीची, आपल्या परड्यात शेणी थापायला यायची ती. तरणीपणी नवरा मेलेली. दुपारची यायची, दिस बुडताना जायची. आपण तिला ताक द्यायचो ते बी दारातच. आता डोकं पांढरं झालंय. पदराची गाठ सोडली आणि किल्ली काढली. ज्या घरात मी वाढलो तितं मला पावणं म्हणत्या! माझ्या अंगाची लाही झाली.

आत गेलो. मामाचं घोंगडं उन्हाला घालून नीट घडी केलेलं. पानाची चंची खुंटीला. धारंची चरवी पालथी घातलेली, लख्ख.

म्हटलं, “तू कोण गं हे सगळं करणारी?”

“कुणी न्हवं.”

“मग किल्ली कुणी दिली?”

“त्येनीच.”

त्येनी म्हणाली, अक्का. नवऱ्याचं नाव न घेता बाई म्हणत्या तसं. आणि वर तोंड करून नव्हं, खाली बघून. मी म्हटलं, जीभ हासडीन. तर म्हणाली, “हासडा की. आता कुणासंगं बोलायचं ऱ्हायलंय? सतरा वर्सं शेणी थापल्या बाई, शेणीपायी कोण सतरा वर्सं येतंय?”

मी उंबऱ्यावर बसलोच. एवढी वर्सं मी घरात, चुलीपाशी, त्याच्या शेजारी, आणि मला काय म्हंजे काय दिसलं न्हाय. मला वाटायचं मामाचा जीव तुझ्यावर. तुझ्यावर जळायचं सोडून दुसरीकडं बघाया मला सवड कुठं हुती!

मग ती म्हणाली, “थोरल्या बाईंनी मला त्या दिशी मागल्या दारानं भाईर काढलं. पर किल्ली घ्यायची इसरल्या.” थोरल्या बाई म्हंजे तू.

आता तू सांग. मामा गेला तवा माझी म्हैस व्याली हुती म्हणून मी दुसऱ्या दिशी आलतो. तू मला काय सांगितलंस? दारात गळ्यात पडून म्हणालीस, विठे, मामा एकटाच गेला गं, तोंडात पाणी घालाया कुणी नव्हतं. आठ वर्सं मी ते धरून रडलो. म्हशीपायी ऱ्हायलो म्हणून सोताला शिव्या घातल्या. आणि तिच्या मांडीवर डोकं ठिवून गेला तो! ती म्हणत्या, पाणी म्या घातलं.

खरं काय ते लिव. न्हाईतर सहीबी नको आणि घरबी नको.

विठा


सातारा
१० सप्टेंबर १९७४

चि. विठास,

दोन महिने लागले उत्तराला. चार वेळा लिहून फाडलं.

बायडाबाईने सांगितलं ते खरं आहे. मामाचं बरं नाही असा निरोप आला तशी मी निघाले, दुपारी पोचले. मामाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती पळीने पाणी घालत होती. मी जवळ बसले, म्हटलं, मामा, मी मीना आले. त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि तिला म्हणाला, “पाहुण्या आल्यात, बायडे. पाट मांड.”

तेवढंच बोलला. त्यानंतर काही बोलला नाही. दिवेलागणीला गेला.

मी तिला म्हटलं, आता लोक जमतील, तू मागल्या दाराने जा. तिने एकच विचारलं, “आंगूळ तरी घालू द्या?” मी नाही म्हटलं. दार लावून कडी घातली. लोक काय म्हणतील म्हणून केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. लोकांचं मला काही पडलं नव्हतं. मी जळत होते, विठा. लहानपणी तुझ्यावर जळले. वाटायचं, चुलीपाशी जागा एकच आहे आणि ती तुझी आहे. त्या दिवशी पाहिलं तर तिथे तिसरीच बसली होती, आणि मी शेवटपर्यंत पाटावरची पाहुणीच.

तुला खोटं सांगितलं कारण तो तिच्या मांडीवर गेला हे माझ्या तोंडून निघेना. तो एकटा गेला हेच मला बरं वाटत होतं. आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते. तू आठ वर्षं त्या खोट्यावर रडलीस, ते मी फेडू शकत नाही.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी येते. रजिस्टर कचेरीत सही करते आणि दुपारच्या एस.टी.ने परत फिरते. मुडशिंगीला चल म्हणू नकोस.

मीनाक्षी


सातारा
३० ऑक्टोबर १९७४

चि. विठास,

सुखरूप पोचले. कचेरीत आपण दोघी बाकावर शेजारी बसलो होतो तेव्हा तू मला तुझ्या डब्यातली भाकरी मोडून दिलीस. मामा म्हणायचा ते खरं होतं, फुगते तुझी भाकरी.

नंतर तुझ्या खोलीवर आलो आणि तू घोड्याच्या गाडीला हाक मारायला गेलीस, तेव्हा मी ते इरकली लुगडं तिथल्या खुंटीवर ठेवून आले. ते बायडाबाईला नेऊन दे. चोळी-बांगडी हक्क सोडणाऱ्या बाईला करायची रीत आहे ना? मी नुसती सही केली. हक्क तिने सोडला, आठ वर्षांपूर्वी, मागल्या दाराने जाताना.

तिला माझ्याकडून काय सांगायचं ते मला सुचत नाही. तू काही सांगू नकोस. नुसतं लुगडं दे.

मीनाक्षी


मुडशिंगी
२१ नोव्हेंबर १९७४

ती. अक्कास,

विठाचा नमस्कार, आणि आता पत्ता बदललाय ते बघून घे.

वारसाची नोंद झाली. दिवाळीच्या चार दिस आदी म्हशी चालवत आणल्या, आणि ह्यांना बैलगाडीत घालून. घर माझ्या नावावर हाय. कागद पत्र्याच्या पेटीत ठिवलाय, रोज एकदा काढून बघतो. आता फुडचं आईक आणि हसू नको.

तुला ठावं हाय, म्हैस नव्या गोठ्यात पान्हा चोरत्या. पर माझी चंद्री अशी कधी करायची न्हाय. आली तवापासनं चार दिस दूध वर चढवून हुबी. आंबोण घातलं, थोपटलं, शिव्या घातल्या, पाया पडलो. पाचव्या दिशी बायडाबाई परड्याच्या कडंला हुबी ऱ्हाऊन बघत हुती. म्हणाली, “सरका वाइच.” खाली बसली आणि जीभ टाळूला लावून टकटक केलं, मामा धार काढताना करायचा तसं. अगदी तसंच. चंद्रीनं कान पाडलं आणि चरवी भरली. मी बारा वर्सं त्या मामाच्या म्हशी पिळल्या अक्का, मला त्यानं ते कधी शिकवलं न्हाय. माझी म्हैस, माझा गोठा, आणि मी बाजूला हुबा! कासऱ्यानं फटका घालावा वाटला. म्हशीला का तिला, ते सांगत न्हाय.

त्याच दिशी लुगडं न्हेऊन तिच्या म्होरं ठिवलं. म्हटलं, साताऱ्याच्या थोरल्या बाईंनी दिलंय. तिनं काठावरनं हात फिरवला. आवडलं तिला, मी बघितलं की. मग इचारलं, “कशाचं म्हणायचं हे?”

मी खोटं बोलायला पायजे हुतं. दिवाळीचं म्हणालो असतो तर घेतलं असतं. पर मी पडलो सरळ तोंडाचा. म्हटलं, हक्कसोडाची चोळी-बांगडी.

तिनं हात काढून घेतला. घडी परत नीट केली आणि माझ्याकडं सरकवली.

“हक्क भाच्यांनी सोडावा,” म्हणाली. “घर तुमचं, कागद तुमचा, त्याला माझी ना न्हाय. पर लुगडं न्हाय घ्यायची मी. मी काय सोडल्यालं न्हाय.”

जळलो, अक्का. खरं सांगतो, तुझ्यावर कधी जळलो न्हाय एवढा तिच्यावर जळलो. आपण दोघी एकमेकीचं लोणी आणि भाकरी बघत बसलो, आणि ही बया शेणी थापता थापता सगळं घिऊन गेली. कागद न्हाय, कुकू न्हाय, ताकसुद्धा दारात प्याली. आणि वर म्हणत्या, मी काय सोडल्यालं न्हाय!

लुगडं तुला परत धाडत न्हाय. तुझंबी न्हवं, तिचंबी न्हवं, मग पाडव्याला मीच नेसलो. ती बघून म्हणाली, काठ झ्याक हाय.

मामाचा वर्सदिस म्होरल्या महिन्यात येतोय. निवद ह्या घरात करायचा. भाकरी मी थापणार, लोणी चंद्रीचं हाय. तू ये. पाट काढून माळ्यावर टाकलाय, भुईवर बसावं लागंल. मागल्या दारानं येऊ नको, फुडल्या दारानं ये. मी धारंला गेलेलो असलो तर मागच्या आळीला हाक मार. किल्ली अजून बायडाबाईच्याच पदराला हाय. मला रोज मागावी लागत्या, तुलाबी मागावी लागंल.

तुझी,
विठा